पाणीवाल्याची पोरगी

लहानू रामटेके फर्नेसवर पाणीवाला होता. पाणीवाला म्हणजे घरोघरी पाणी भरणारा नाई, बाप्पा! नवीन माणसानं ऐकलं की हसते, म्हणून आधीच सांगून ठेवते. ब्लास्ट फर्नेस म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी. तिच्या भिंतीत पोकळ पेट्या बसवल्या राहतात, अन् त्या पेट्यांतून चोवीस घंटे पाणी फिरत राहते. पाणी थांबलं की पेटी जळते, भिंत फुटते अन् आतला रस बाहेर येते. म्हणून एक माणूस नुसता फिरत राहते. पेटीतून पाणी जिथं बाहेर पडते तिथं हात धरते. पाणी किती तापलं, धार बारीक झाली का, मधेच बुडबुडा येऊन राहिला का, हे त्याच्या हाताले कळलं पायजे. मीटर होते म्हणे तिथं, पण लहानू मीटर मागून पाहे, हात आधी लावे. त्याचा उजवा तळवा भाजून भाजून जोड्याच्या तळासारखा झाला होता.

तो साकोलीकडचा. सत्तावन साली भिलाईले कारखान्याचा पायवा खोदायले म्हणून आला, अन् एकोणसाठ साली भट्टी पेटली तसा तिथंच लागला. कॅम्प-१ या कामगारांच्या वस्तीत आमची अन् त्याची भिंत एकच. मी सत्यभामा; माहे मालक मारोतराव स्टोअरमधी होते. आम्ही गोंदियाकडचे कुणबी. लहानूनं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतलेली. घरात समोरच बाबासाहेबांचा फोटो, त्याले रोज ताजं फूल. सकाळी ड्युटीवर जाताना माह्या दारासमोरून मुद्दाम मोठ्यानं म्हणे, "जयभीम, वहिनी!" मी चुलीपुढून म्हणत होती, "रामराम!" रोजचं होतं हे. तो हसे, मी नाक मुरडत होती, अन् दिवस सुरू होये.

त्यांच्या घरचं पाणी आम्ही पेत नव्हतो. आता लपवून काय करू? माह्या सासरी चालत आलं होतं, तसंच मी इथंही आणलं. नळ सगळ्यांचा एकच होता कोपऱ्यावर, तरी माहा माठ वेगळा अन् त्यांचा वेगळा. लहानूची बायको शेवंता माह्याकडे काई मागायले आली तर उंबऱ्याबाहेर उभी राहे. मी तिले कधी म्हणलं नाई की बाहेर उभी राहा. आत ये, असंही कधी म्हणलं नाई.

शेवंताची दोन लेकरं पोटातच गेली होती. तिसरी जगली, ती पोट्टी. लहानूनं नाव ठेवलं सुमेधा. मी म्हणलं, हे काय नाव, जीभ अडकते. आम्ही सुमी म्हणत होतो. गोरीगोमटी, गालाले खळी, अन् काय हसे! लहानू ड्युटीवरून आला की हातपाय धुवे अन् तिले त्या खरबडीत तळव्यावर बसवे. पोट्टी तळहातावर डुले अन् तो खालून म्हणे, "वहिनी, पाहा, पेटी नंबर एक, धार एकदम साफ!" तोपर्यंत तिनं त्याच्या हातावर कार्यक्रम केलेला राहे. मी इकडून पदर तोंडाले लावून हसत होती.

सहासष्ट सालचा मार्च असेल. पोट्टी नऊ महिन्यांची. एक दिवस सकाळी शेवंता तिले तेल लावून राहिली होती, अन् एकदम ओरडली. असं ओरडली की माह्या हातची भाकर तव्यावरच राहिली. मी धावत गेली अन् उंबरा-गिंबरा काई न पाहता सरळ आत शिरली. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात पाय ठेवला.

"बाई, इथं हात लावा," शेवंता म्हणे. "डाव्या बाजूले. दगड आहे आतमधी."

मी हात लावला. फासळीखाली, पोटात, आंब्याएवढं काईतरी टणक. दाबलं तरी हालत नव्हतं. पोट्टी माह्याकडे पाहून हसली. मी झटकन हात काढला, पण तोंडावर नाई दाखवलं. मी पाच लेकरं वाढवलेली बाई, सगळ्या कॅम्पाले काढे सांगणारी. म्हणलं, "जंताची गाठ आहे. वावडिंग दे, निघून जाईन." शेवंताचा चेहरा लगेच मोकळा झाला. लहानू मात्र दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पोट्टीले दवाखान्यात घेऊन गेला.

दवाखान्यात एक बंगाली डॉक्टर होते, सेनगुप्ता म्हणून. लांब, वाकलेले, आवाज एकदम हळू. त्यायनं पोट दाबून पाहलं, फोटो काढला, गाठीचा बारीक तुकडा काढून मुंबईले पाठवला. पंधरा दिवसांनी कागद आला. लहानू त्या दिवशी घरी आला अन् जयभीम नाई म्हणलं. सरळ आत गेला. थोड्या वेळानं मले हाक मारली, मालकही आले, अन् त्यानं सांगतलं. कॅन्सर. मी म्हणलं, हट्, लेकराले कुठं कॅन्सर होते? तो तर तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्याले होते. लहानू म्हणे, "डॉक्टर म्हणून राहिले, अंगात नसा जिथून निघतात तिथलं कच्चं मांस राहते. पोटात असतानाच ते बिघडते. कोणाची चूक नाई म्हणे." शेवंता हे ऐकून नुसती मान हलवत बसली, हो हो, हो हो.

गाठ कापता येत नव्हती. मोठी होती अन् रक्ताच्या नळीले चिकटलेली. दोन औषधं होती. ती देऊन गाठ लहान झाली तर कापू, नाई तर नाई. एवढंच डॉक्टर बोलले. पोट्टीचा सगळा जीव त्या दोन औषधांवर टांगला.

एक औषध पांढरी भुकटी होती, चपट्या बाटलीत. त्याच्यात पाणी घालून हलवत अन् सुईनं शिरेत देत. दुसरं लहानशा कुपीत, पाण्यासारखं साफ, बर्फाच्या कपाटात ठेवलेलं. ते शिरेतच गेलं पायजे. एक थेंब बाहेर मांसात उतरला तर मांस जळून जाते, असं सिस्टरनं सांगतलं. सिस्टर केरळची होती, एलियम्मा. सांगताना तिनं स्वतःच्या हातावर बोट ठेवून दाखवलं, इथं असं काळं होते म्हणून. शेवंतानं घरी येऊन मले हे सांगतलं. "बाई, जे बाहेर पडलं तर जळते, ते आतमधी जाऊन काय करत असेन हो?" मले स्वतःलेच भेव लागलं होतं.

दर बुधवारी सुई. सुईच्या दिवशी शेवंता पोट्टीले नवा झगा घाले अन् लहानू फर्स्ट शिफ्ट बदलून घे. मी दारातून पाहत होती. दुपारी ते परत येत तेव्हा पोट्टी खांद्यावर निपचित. मंग ओकाऱ्या. दूध प्यायलं की बाहेर. दुसऱ्या बुधवारनंतर केस गळायले लागले. जावळ काढायचंच होतं तिचं. मी म्हणलं, "शेवंता, जावळ न काढता केस गेले, हे बरं नाई." ती म्हणे, "बाई, आमच्यात आता जावळ नाई करत." असं म्हणे, अन् उशीवरचा एकएक केस वेचून पदराच्या गाठीत बांधे. कायले ठेवते, विचारलं तर म्हणे, माहीत नाई.

कॅम्पात बातमी पसरली अन् बायांनी त्या घराकडे जाणं बंद केलं. कमला नावाची एक होती आमच्या ओळीत, ती म्हणे हे चिकटते, लेकरांले दूर ठेवा. मीही ठेवली. माहा लहान दोन वर्षांचा होता, त्याले मी भिंतीच्या त्या बाजूले खेळू नाई देलं. चिकटत नाई, असं डॉक्टरनं लहानूले छातीवर हात ठेवून सांगतलं होतं. मले पटलं नाई. पण शेवंता एकटी पडली होती, म्हणून लेकरं घरात कोंडून मी तिच्याकडे जाऊन बसत होती. त्यांच्या खाटेवर बसत होती. शेवंताले ते इतकं मोठं वाटे की ती उठून उभीच राहे. आता बाई माह्या घरी बसतात, बाई सांगतात ते आईसारखं सांगतात. माहा एकएक शब्द ती झेलत होती, अन् मलेही बरं वाटत होतं ते.

आता माह्या तोंडून निघालं ते सांगते.

सिस्टरनं शेवंताले बजावलं होतं, "पानी खूब पिलाना. हर घंटा पिलाना. रात में भी." शेवंतानं पहिले सहा दिवस पाजलं. पण पोट्टी ओके, अन् पोट दिसायले मोठंच होतं. वरून शिरा निळ्यानिळ्या. मी म्हणलं, "अवो, फुगलेल्या पोटात अजून पाणी ओतून राहिली? आमच्या गावाकडे पोट फुगलं की आधी पाणी तोडतात. माह्या चुलतसासऱ्याचं तोडलं होतं. नुसते ओठ ओले कर फडक्यानं." शेवंता म्हणे, "पण सिस्टर म्हणते..." मी म्हणलं, "सिस्टरले किती लेकरं आहेत? विचार तिले." मंग मी वरून हेही म्हणलं, "लहानूले नोको सांगू. माणसायले लेकरांचं काय कळते!"

ऐका, हे मी म्हणलं. दुसऱ्या कोणी नाई.

तिनं ऐकलं. ओकाऱ्या कमी झाल्या. मी म्हणलं, पाहा. मे महिना होता. भिलाईचा मे तुमाले माहीत असेन तर माहीत असेन. टिनाच्या छपराखाली दुपारी भांडं हात लावू देत नाई. त्या भट्टीत ते लेकरू आईच्या दोन घोट दुधावर राहून फडक्याचं टोक चोखून राहिलं होतं. लहानू ड्युटीवरून येये अन् रोज विचारे, "पाणी देलं?" शेवंता म्हणे, "देलं." मी भिंतीच्या या बाजूनं ऐकत होती.

तिसरी सुई झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळचे आठ वाजले असतील, शेवंतानं भिंत वाजवली. ओरडली नाई या वेळी. मी गेली तर ती लंगोट हातात धरून उभी. लाल. नुसता डाग नाई, सगळा लंगोट लाल. पोट्टी खाटेवर पाय आखडून रडत होती, पण आवाज निघत नव्हता, अन् डोळ्यांत पाणी नव्हतं. लेकरू रडते अन् डोळे कोरडे राहतात, हे मी पहिल्यांदा पाहलं.

लहानू तेव्हाच नाइट करून दारात आला. त्यानं लंगोट पाहला. पोट्टीले उचललं अन् चालायले लागला, जोडेही तसेच, भट्टीच्या धुळीनं भरलेले. शेवंता मागं, तिच्या मागं मी. मालकायले सांगतलं का, चूल विझवली का, काई आठवत नाई.

डॉक्टर सेनगुप्तांनी पोट्टीले टेबलावर घेतलं. कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. त्यायनं शेवंताकडे पाहलं. "पानी दिया था? हर घंटा?"

शेवंतानं एकदा माह्याकडे पाहलं. मंग खाली पाहलं अन् म्हणे, "दिया."

"रोज?"

"रोज."

डॉक्टर खुर्चीत बसले. चष्मा काढला. हळूच म्हणाले की पाणी देऊनही रक्त आलं असेन तर हे औषध पोट्टीले सोसत नाई. भुकटीचं औषध बंद करावं लागन. दुसऱ्या एकट्यानं काई होईन असं वाटत नाई. अन् वाईट ह्याचं वाटते, म्हणे, की आज दाबून पाहलं तर गाठ लहान झाली आहे. लिंबाएवढी राहिली आहे.

लहानू म्हणे, "बंद करो साहब. घर ले जाता हूँ. मरेगी तो घर में मरेगी, जल के नहीं मरेगी." असं म्हणला अन् त्यानं टेबलावरून पोट्टीले उचलायले हात पुढं केले.

मी दाराशी उभी होती. मले सगळं कळून राहिलं होतं. आंब्याची गाठ लिंबाएवढी झाली होती. औषध काम करून राहिलं होतं, अन् माह्या एका शब्दापायी ते बंद होऊन राहिलं होतं. पण बोलू कशी? लहानू काय करन? फर्नेसवरचा माणूस, एकदा फोरमनले त्यानं कॉलर धरून भिंतीले लावलं होतं, सगळ्या कॅम्पाले माहीत. मालक काय म्हणतीन? कमला तर गावभर डंका पिटन, सत्यभामेनं लेकरू मारलं म्हणून. शेवंतानं आपल्यावर घेतलं आहे, गप राहिली तर कोणालेच कळत नाई. खरं सांगते, एक पाऊल मी मागं टाकलं होतं. व्हरांड्यात गेलीही असती. पण लहानूनं पोट्टीले उचललं अन् तिचं डोकं त्याच्या बाहीवरून लटकलं, टकलं, कोवळं, अन् तोंड फडकं शोधून राहिलं होतं. चोखायले.

"पाणी नाई देलं तिनं," मी म्हणली. आवाज माहाच होता का, कोण जाणे. "मी बंद करायले लावलं. मी! दहा दिवस झाले. तिचा काई दोष नाई. डॉक्टरसाहेब, मैंने बोला, पानी मत दो. दवा बंद मत करो."

शेवंता मटकन खाली बसली अन् तोंडावर पदर घेऊन रडायले लागली. लहानू माह्याकडे वळला. मी डोळे मिटून घेतले. म्हणलं, आता हाणतो. हाण, बाप्पा.

त्यानं हाणलं नाई. डॉक्टरले विचारलं, "साहब, पानी का क्या काम है इसमें?"

डॉक्टर उठून उभे राहिले होते. सिस्टरले हाका मारत होते, सलाइनची बाटली मागवत होते. त्यातच त्यायनं सांगतलं की औषध आपलं काम करून लघवीवाटे बाहेर पडते. पाणी भरपूर असलं तर वाहून जाते. पाणी नसलं तर लघवीच्या पिशवीतच थांबते अन् आतून जाळते.

लहानूनं आपला उजवा तळवा पाहला. मंग म्हणे, "मतलब पेटी में पानी बंद था."

डॉक्टरले ते कळलं नाई. मले कळलं. सात वर्षं एका माणसानं रोज आठ घंटे हेच पाहलं होतं की पाणी थांबू नये, अन् त्याच्या घरात, त्याच्या पोरीच्या पोटात पाणी बंद होतं. बंद करणारी भिंतीपलीकडची वहिनी.

पोट्टीले भरती केलं. पायाच्या घोट्यापाशी कापून शीर शोधली अन् सलाइन लावलं. वरून चमच्यानं पाणीही द्यायचं होतं, दर दहा मिनिटांनी दोन चमचे. लहानू खाटेशी बसला. तो घड्याळ पाहे, दोन चमचे पाजे, अन् मंग लंगोटाखाली हात घाले. तसाच, तळवा वर करून. ओलं आहे का, किती आहे, गरम आहे का. हात बाहेर काढून पाहे. लाल. फडक्याले पुसे अन् पुन्हा घड्याळ.

मी घरी नाई गेली. जाऊ कशी? वार्डात बाईमाणूस म्हणून सिस्टरनं बसू देलं. लेकरांचं मालकानं पाहलं असेन. मी खाटेच्या पायथ्याशी बसली अन् लंगोट बदलत गेली. एकएक लंगोट खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहत होती. लाल. मंग पुन्हा लाल. दुपारी एक वाजता पोट्टी झोपली तर शेवंताले वाटलं गेली. ती किंचाळली. सिस्टर धावत आली. श्वास चालू होता.

बाहेर उन्हाचा फुफाटा होता. पंखा गरम वारा फेकत होता. खाटेशेजारी लहानूच्या घरून आणलेला पितळी गडवा होता, त्याच्यावर पेला उपडा. शेवंतानं प्यायलं, लहानूनं प्यायलं. मी सकाळपासून तशीच. माह्या घशात काटे उभे राहिले होते, ओठ चिकटून राहिले होते. नळ व्हरांड्याच्या टोकाले होता, पण उठून गेली अन् तेवढ्यात काई झालं तर? म्हणून उठली नाई. अन् गडव्याले हात लावला नाई. विचार करून नाई, हं. हात तिकडे जातच नव्हता. सवय.

तीन वाजता लहानूनं चमचा ठेवला. गडवा उचलला, पेला भरला अन् माह्यासमोर धरला.

"घ्या, वहिनी."

"नाई... मले तहान नाई," मी म्हणली. तोंडातून शब्द फुटत नव्हता अन् म्हणे तहान नाई!

"सकाळपासून पाहून राहिलो," तो म्हणे. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. "तुमचे ओठ पाहा. माह्या पोरीचे सकाळी असेच होते. पाणी बंद ठेवलं की आतून जळते, वहिनी. डॉक्टर आता बोलले न."

मी पेला घेतला. अर्धा पदरावर सांडला. ते पाणी गरम होतं, पितळेचा वास होता त्याले. मी प्यायली, अन् मले रडू फुटलं, मोठ्यानं. सगळा वार्ड पाहून राहिला. लहानूनं दुसरा पेला भरला. म्हणे, "रडा, पण हे पेऊन रडा."

तो दिवस गेला, दुसरा गेला. लाल कमी होऊन गुलाबी झालं. भुकटीची पुढची सुई डॉक्टरनं थांबवून ठेवली होती. रक्त थांबलं तर देऊ, नाई थांबलं तर नाई. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचली तर लहानू उभा होता, उजवा तळवा समोर धरून, कोणाले काई देऊन राहिला असा. शेवंता खाटेवर बसून त्या हाताकडे पाहून राहिली होती. मी जवळ गेली. त्याच्या तळव्यावर ओल होती, भाजलेल्या रेघांमधी चमकून राहिली होती. पिवळसर. साफ.

"पेटी नंबर एक," लहानू म्हणे, अन् दुसऱ्या हातानं चमचा उचलला.

पुढच्या बुधवारी सुई देली. त्या दिवसापासून पाण्याचं काम लहानूनं आपल्या हातात घेतलं, अन् तो ड्युटीवर असला की माह्या. त्यानं भिंतीवर कोळशानं खाने आखले होते. एक चमचा एक रेघ, लंगोट ओला झाला की एक टिंब. टिंब कमी पडलं तर माह्यावर ओरडे, "वहिनी, धार बारीक काऊन?" मीही ओरडत होती, "बाप्पा, लेकरू आहे, नळ नाई!" ओकली तर मंग पुन्हा पाजत होतो. भेव काई गेलं नाई. दर लंगोट मी अजूनही उजेडात धरून पाहत होती. ऑगस्टमधी डॉक्टरनं गाठ कापली. सुपारीएवढी राहिली होती म्हणे. त्यानंतरही दीड वर्षं सुया चालल्या.

लहानूनं पुढं वीस वर्षं पाणीवाल्याचंच काम केलं. बढती देत होते, क्रेनवर जा म्हणत होते, गेला नाई. कॅम्पात कोणाचं लेकरू आजारी पडलं की तो सगळ्यात आधी पाणी विचारे, अन् मंग माह्या घराकडे बोट दाखवून म्हणे, "वहिनीले नोको विचारू." लोक हसत, मी त्याले शिव्या देत होती. रिटायर होऊन दोन वर्षांनी गेला. कारखान्यातली पोरं आली होती. एकानं त्याचा उजवा हात उलटा करून पाहला, तळवा.

अन् सुमी. सुमी चार वर्षांची होती तेव्हाचं सांगते, मंग थांबते. उन्हाळाच होता. पोट्टी बाहेर खेळून घामाघूम होऊन आली अन् स्वतःच्या घरी न जाता सरळ माह्या घरात शिरली, स्वयंपाकघरात, माठापाशी. झाकण काढलं, गिलास धरला अन् मनगटापर्यंत हात आत घालून बुडवला. शेवंता मागून दारात आली, तिनं ते पाहलं. "सुमे!" म्हणून ती उंबऱ्यावरच थबकली. इतकं सगळं झालं होतं, तरी माह्या माठाले तोपर्यंत त्यांच्यातल्या कोणी हात लावला नव्हता. मी पाट्यावर चटणी वाटत होती. मीही पाहलं. खोटं नाई सांगत, वरवंटा हातातच थांबला.

पोट्टीनं दोन घोट घेतले अन् अर्धा गिलास खाली ठेवून पळायले निघाली.

मी तिचा दंड धरला. "कुठं चालली? पूर्ण पे!" म्हणली. "पूर्ण पेल्याशिवाय सोडत नाई मी."